डावरीचा बोरू

घरात तिला सगळे डावरी म्हणत. बाबा अरबी सुलेखनकार, खाली त्यांचं दुकान. आणि पोरीने बोरू धरला तो डाव्या हाताने! बाबांनी कपाळाला हात लावला. "डावा हात शाई फासतो," म्हणाले, आणि फर्मान काढलं: उजव्याने लिहिशील, तेव्हाच अक्षरांखाली तुझी सही.

आता अरबी चालते उजवीकडून डावीकडे. म्हणजे डावा हात कायम कोऱ्या कागदावर. ओली अक्षरं सांभाळायची ती उजव्याने. जन्मभर करंगळी काळी झाली ती बाबांचीच. डावरीने हे तोंडावर सांगितलं, बोलणी खाल्ली, आणि दात-ओठ खात बोरूचं टोक डाव्या हाताला जुळेल असं उलटं तिरपं तासायला शिकली. पुढे दुकानातली निम्मी कामं तिच्या हातची, सही मात्र बाबांची. बाबा याला दुकानाची रीत म्हणत, ती चोरी म्हणे.

मग वाचनालयाच्या दारावरच्या पाटीचं काम आलं. ती तिने वरच्या खोलीत एकटीने आधी कागदावर लिहिली. बाबा कर्कटक घेऊन वर आले आणि एकेक अलिफ मापू लागले. अलिफ, अरबीतलं पहिलं अक्षर, म्हणजे नुसती उभी रेघ, असं ज्याला वाटतं त्याने ती एकदा काढून बघावी! त्याच बोरूची सात टिंबं एकावर एक रचली की जेवढी उंची, तेवढीच ती हवी. आणि बाक केवढा, तर कुणी हाक मारल्यावर मान जराशी वळावी एवढाच. बाबांना एकही चूक सापडली नाही.

"छान," ते पुटपुटले, आणि सही करायला तिच्याच पेल्यातला बोरू उचलला. सवयीने आधी रद्दी कागदावर चालवून पाहिला. बारीक हवं तिथे रेघ जाड उमटली.

"बिघडलाय हा."

"बिघडलेला नाही, बाबा. याच बोरूने ही पाटी लिहिली. तुमच्या हाताला तो वळत नाही, एवढंच."

"खालून माझा घेऊन ये."

"नाही आणणार."

तिने बोरू त्यांच्या हातातून काढून घेतला.  सहीसाठी शाईत टोक बुडवलं.

"मी परवानगी दिलेली नाही," बाबा म्हणाले.

"मागितली कुठे मी? कागद धरा, सरकतोय."

बाबांनी कागद धरला. करंगळी तेवढी जपून वर उचलली होती.