नंदाने शिकवलेला वारा

२०२४ साल. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आणि माझी मुलगी नंदा एकोणपन्नासची. ती गेली त्याला आता महिना उलटला. रडू आलं नाही, अजून येत नाही. लोक विचारतात. बरा आहे म्हणून सांगतो.

मी चौथी शिकलेला, मग मिलमध्ये साच्यावर कापड विणलं. नंदा इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची. लालबागच्या आमच्या चाळीत कुणी विचारलं, काय शिकवते हो, तर मी ताठ मानेने म्हणायचो, विमानाचं. शेजारचा गणपत म्हणायचा, "मग एकदा गावाक सोडूक सांगा आमका." खरं काय शिकवते ते मलाही ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं आणि ती दादरची जागा सोडून आमच्याकडे, मी, मुलगा आणि सून राहतो तिथे आली, तेव्हा मी ठरवलं, ती आहे तोवर हे कळून घ्यायचंच.

एका दुपारी तिने मला मोरीत मोठी परात तिरकी ठेवायला लावली. स्वतः दारात स्टुलावर बसली. नळाचं पाणी परातीवर पातळ पसरून वाहत होतं, त्यात मी तांब्याने मधोमध बारीक धार धरली. तिने वरून चिमूटभर हळद सोडली.

"बघा बाबा, हळद कशी जाते?"

"धारेला वळसा घालून."

"तिथं दगड आहे?"

"नाय."

"आता धारेच्या खालच्या अंगाला एक भोक आहे असं धरा, तेवढंच पाणी पिऊन टाकणारं. मग वळसा पुढे जाऊन मिटतो, मध्ये अंड्यासारखा आकार राहतो. वाऱ्याचं तेच. एक ठिपका सोडणारा, एक ओढणारा... एवढ्यावर आम्ही कागदावर आकार उभा करतो. विमानाच्या पंखाला आणखी एक भोवरा जोडायचा."

"आणि आत लाकूड, पत्रा?"

"काही नाही. वाऱ्याला आतलं कुठे दिसतं?"

"धार आहे म्हणून वळतंय गो. धार काढ, सरळ जाईल."

"कागदावर धारही नसते. धरून चालायचं."

"धागा नाय तिथं कापड नाय. उभा जन्म काढलाय मी साच्यावर."

"हट्टी म्हातारा," ती म्हणाली. "एकदा पटलं म्हणा ना."

मग हे रोजचं झालं. पुढे तिचं बोलणं कमी झालं, तरी मी जवळ गेलो की भुवई उडवायची... पटलं? मी मान हलवायचो, नाही. न पटलेलं पटलं म्हणणारा मी नाही, आणि तिला ते लगेच कळलं असतं.

ती दुपारी गेली. तिची लोखंडी खाट भाड्याची, खोलीच्या मध्यावर पंख्याखाली असायची. बाजूने वीतभर वाट. आम्ही स्मशानातून परतलो तेव्हा दुकानवाला ती घेऊन गेला होता. सुनेने फरशी पुसून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या वेळेला उठलो. खोली मोकळी होती. सून शेजारून आलेला चहा घेऊन माझ्याकडे आली, ती अंग चोरून, भिंतीला घासत. चहा प्यालो, बादली उचलली आणि मोरीकडे निघालो. खाट असायची त्या मध्यावर पाय गेला नाही. भिंतीकडूनच गेलो.