हौसाआत्याचं दार

नगरपालिकेच्या कार्यालयात दुपारी झोपणं नियमात बसत नाही, म्हणून शैलजा नाईकनवरे फक्त डोळे मिटते. पोटात डब्यातली भाकरी आहे, पंखा स्वतःच्या मर्जीने फिरतोय आणि चार वाजता सभा आहे. सभेत तिची योजना गुंडाळली जाणार आहे. घरपोच शुश्रूषा योजना. ज्यांची मुलं पुण्याला नाहीतर परदेशात, त्या म्हाताऱ्यांकडे सेविका जाणार, औषधं देणार, अंघोळ घालणार. सेविकांचं प्रशिक्षण झालं, पोपटी गणवेश झाले, उद्‌घाटनाचा नारळसुद्धा एका फटक्यात फुटला. राहिलं एवढंच, की गावातल्या एकाही म्हाताऱ्याने दार उघडलं नाही. निवृत्त मुख्याध्यापक चौगुले सर तर आतूनच ओरडले, "घरात कोणी नाही!"

पंख्याची घरघर लांब लांब जाते. फायलींच्या कपाटाचं दार करकरतं, आणि आत फायली नाहीत, ओसरी आहे. ओसरीवर डाळिंबी काठाचं लुगडं नेसलेली हौसाआत्या लसूण सोलत बसलीय. आत्या म्हणजे शैलजाच्या वडिलांची बहीण; तिला वारून तीन वर्षं झाली. त्याचं शैलजाला नवल वाटत नाही. नवल वाटतं ते आपल्या अंगावर पोपटी गणवेश कसा आला याचं.

आत्या एकदा बघते, उठते आणि दार लावून घेते.

"आत्या, अगं मी शैला!"

"कुठली शैला?"

"तुझ्या भावाची!"

"मग ते पोपटी कशाला घातलंयस? कुठल्या पक्षाची तू?"

"तुझी सेवा करायला आलेय."

"मला काय धाड भरलीय?"

"तुझी बीपीची गोळी आणलीय गं."

"घेतली मी."

"आत्या, तू वारलीयस."

"मग गोळी कशाला आणलीस?"

आत्या जिवंतपणीही अशीच होती. शैलजाने सोबतीला ठेवलेली प्रत्येक बाई तिने संध्याकाळच्या आत परत पाठवली होती.

शैलजा मागे वळते तर ओसरीची पायरी नगरपालिकेच्या जिन्याला लागलीय. जिन्याच्या दोन्ही अंगांना दारं, सगळी बंद, आणि प्रत्येकामागून खोकल्याचा आवाज. नाइलाजाने ती भाजीवालीसारखी हाळी देते, "शुश्रूषा घ्या शुश्रूषाऽऽ, ताजी शुश्रूषा!" कड्या आणखी घट्ट लागतात.

ती आत्याच्या दाराशी येऊन मटकन बसते.

"आत्या, डोकं दुखतंय गं माझं."

हा काही योजनेचा भाग नाही. डोकं खरंच दुखत असतं.

कडी सरकते.

"मग आधी सांगायला काय झालं होतं? बस अशी खाली."

आत्या कोमट तेलाची वाटी घेऊन मागे बसते आणि बोटं टाळूत रुतवते. "केस कुठं गेले?"

"कापले."

"तरीच दुखतंय."

शैलजाचे डोळे जड होतात. थोड्या वेळाने तिच्या ध्यानात येतं, की आत्याचा डावा हात आपल्या हातात आलाय.

"नखं किती वाढलीत आत्या!"

"काप की मग. एका हातानं भागतंय माझं."

ती नखं कापते. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघते. गोळी पुढे करते, तर आत्या बोलता बोलता गिळून टाकते.

"आत्या, मग इतकी वर्षं सगळ्यांना हाकलून का दिलंस?"

"जी ती मला काहीतरी द्यायलाच यायची. मी काय देवळासमोर बसलेय? दुसऱ्याच्या दारात जावं तर आधी काहीतरी मागावं. माणूस उठून बसतं."

ओसरी लांबत लांबत सभागृह होते. नगरसेवकांच्या खुर्च्यांवर गावातले म्हातारे बसलेत, प्रत्येकाजवळ एक पोपटी सेविका. चौगुले सरांचे पाय गरम पाण्याच्या बादलीत आहेत आणि ते सेविकेच्या मुलाचं शुद्धलेखन तपासतायत, वेलांटीगणिक ओरडतायत. एक आजी केस विंचरून घेता घेता पुरण कुठे बिघडतं ते सांगतेय. कुणीतरी म्हणतं, "योजना मंजूर असणाऱ्यांनी हात वर करा!" हातांचं रान उभं राहतं. ज्यांची नखं कापणं चाललंय ते पाय वर करतात. कुठूनतरी हलगी कडाडते.

"आत्या, तुझा हात नाही वर?"

"थांब, वेणी राहिलीय." आत्या पेड आवळते.

"आई गं! दुखतंय!"

"डोकं तर नाही ना आता?"

हलगी म्हणजे टेबलावर थरथरणारा फोन. पलीकडे सभापती साळोखे.

"मॅडम, योजना बंद करायचा ठराव तयार ठेवलाय. तुम्ही बोलणार काही?"

"बोलणार. सोमवारपासून सेविका पुन्हा जातील. पण द्यायला नाही, मागायला."

"काय मागायला?"

"काहीही. लोणच्याचं प्रमाण. डोक्याला तेल. पोराचा अभ्यास."

साळोखे विचारतात, "आमचे चौगुले सर उघडतील दार?"

"चुकलेलं शुद्धलेखन फटीतून आत सरकवलं तर?"

"धावत येतील हो!" साळोखे हसू लागतात. "मला अजून रस्त्यात धरून वेलांट्या विचारतात. या तुम्ही. तो ठराव फाडतो मी."

शैलजा उठते आणि सवयीने मानेवरून हात फिरवते. खांद्यापर्यंत कापलेल्या केसांची अंगठ्याएवढी वेणी घातलेली आहे, टोकाला डाळिंबी काठाची चिंधी गच्च बांधलेली. तेल अजून कोमट आहे.

ती वेणी सोडत नाही. तशीच सभागृहाकडे निघते. वेणी इतकी आवळलेली आहे, की भुवया आपोआप वर ताणल्या गेल्यात. समोरून येणारा शिपाई बाजूला होऊन वाट देतो.