दुसरी आंघोळ

"पाणी तापवा परत. बाळाला आंघोळ घालायची."

काकू हे माझ्याकडं बघून म्हणाल्या नाहीत. आपल्या सुनेकडंही नाही. भिंतीकडं बघून म्हणाल्या. माझ्या हातात वजनकाट्याची झोळी तशीच होती. बाळाला नुकतंच त्यातनं काढून मी सुनेच्या मांडीवर दिलं होतं.

कागलच्या अलीकडचं गाव. दारात ट्रॅक्टर, पडवीत फरशी. आल्या आल्या मला खुर्ची दिली होती, पाणी दिलं होतं. मी बाळाचं वजन केलं. वजन फार कमी भरलं. तळपाय बघितले, गार होते. मग काकूंनी सहज विचारलं, "पावणं कुठलं म्हणायचं?"

मी गाव सांगितलं.

"आडनाव?"

मी आडनाव सांगितलं.

आमच्याकडं एवढं पुरतं. आडनाव कळलं की गल्ली कळते, गल्ली कळली की माणूस कुठं बसवायचं ते कळतं. मी ज्या खुर्चीवर बसले होते तिच्याकडं काकूंनी एकदा बघितलं. मग बाळाकडं. बाळाची आंघोळ सकाळीच झाली होती. अंगाला तेलाचा वास येत होता.

मी म्हणाले, "काकू, आंघोळ नको. एवढं बारकं बाळ गार पडंल. उघडं करून आईच्या छातीला लावा, वरनं पांघरूण घाला. आम्ही तेच सांगायला आलोय."

"आम्हाला शिकवू नगंस. तू हात लावलास म्हणून घालाय लागतीया."

मी परत तेच सांगितलं. सून खाली बघत होती. तिच्याहून मोठं त्या घरात सगळंच होतं. काकू मला म्हणाल्या, बाहेर थांब. मी बाहेर आले. चपला घातल्या. आतनं पाणी ओतल्याचा आवाज आला, बाळ रडल्याचा आला. रडणं बारीक होत गेलं. मला राग आला का? नाही. मला काहीच आलं नाही. दारातल्या ट्रॅक्टरच्या चाकाला चिखल लागला होता, तो मी बघत बसले.

बाळंतिणी आणि तान्ही बाळं, हाच माझा अभ्यास. त्यावरच मी पीएचडी केली. दवाखान्यातनं घरी गेलेली कमी वजनाची बाळं घरात गार का पडतात, हे शोधायला सरांनी मला घेतलं होतं. सर म्हणजे आमच्या कामाचे प्रमुख. कोल्हापुरात, राजारामपुरीत राहायचे. सभ्य माणूस. कधी आवाज चढवला नाही.

जीपमध्ये मी सरांना सगळं सांगितलं. सर खिडकीतनं बाहेर बघत होते. म्हणाले, "आडनाव सांगायची गरज काय होती?"

मी म्हणाले, "त्यांनी विचारलं."

"काहीतरी सांगायचं. आपल्याला बाळ महत्त्वाचं."

पुढच्या भेटीला गेलो तेव्हा त्या घरातला पाळणा काढून ठेवलेला. सून भिंतीला टेकून बसली होती. तिच्या पोलक्याला पुढं दुधाचा डाग होता. सरांनी हात जोडले. मीही जोडले.

आंघोळीनंच बाळ गेलं असं मी म्हणणार नाही. मी संशोधक आहे. तेवढ्याशा जिवाला जायला बरीच कारणं असतात. पण ते पाणी मी ऐकलंय.

त्यानंतर आमची गळ्यातली ओळखपत्रं बदलली. सगळ्यांची. नुसतं नाव, आडनाव नाही. सर म्हणाले, कामाच्या सोयीसाठी. मी गळ्यात घातलं. घरोघरी चहा मिळायला लागला, कपबशीतनं. मी प्यायचे. तोंडाला चव नव्हती. झोपही लागायची, जेवणही जायचं, सगळं चालू होतं. आत कुणीतरी दिवा मालवून गेल्यासारखं.

एकदा आईनं ते ओळखपत्र हातात घेतलं. आई शिकलेली नाही, पण आडनावाची अक्षरं तिला ठाऊक आहेत.

"हितलं आडनाव कुठं गेलं?"

"सरांनी काढलं."

"का गं?"

मी डबा धुवायला घेतला. तिनं ते पदरानं पुसलं आणि खुंटीला अडकवलं. माझी आई जन्मभर एका प्रसूतिगृहात सफाईला होती. रक्ताची फडकी तिनं धुतली. बाळामागनं पडलेली वार तिनं उचलली. मोठमोठ्या घरच्या बाळंतिणींची वार. त्या वारेला माझ्या आईचे हात चालले. बाळाला माझे चालले नाहीत.

मग कोल्हापुरात आमच्या कामाचा निष्कर्ष मांडायचा दिवस आला. मोठा हॉल, डॉक्टर, अधिकारी, पुढच्या रांगेत पाण्याच्या बाटल्या. सर बोलायला उभे राहिले. पडद्यावर अक्षरं आली. बाळं गार पडण्याचं प्रमुख कारण: मातांचं अज्ञान.

मला ती सून दिसली. पोलक्यावरचा डाग दिसला. अज्ञान म्हणे. म्हणजे तिच्याच माथी मारलं.

मी उभी राहिले. माईक नव्हता.

"अज्ञान न्हाई, सर. त्या घराला ठाऊक होतं. मी सांगितलं होतं. ती आंघोळ बाळाची न्हवती, माझ्या हाताची होती."

सर हसले, मऊ आवाजात म्हणाले, "हे वैयक्तिक झालं. आपण बाहेर बोलू."

मी म्हणाले, "बाहेर मी एकदा उभारलोय, सर." आणि माझं नाव सांगितलं. आडनावासकट. सरांना नाही, हॉलला. मग खाली बसले. किती दिवसांनी शरीरात काहीतरी हललं होतं.

पुढच्या कामात मला घेतलं नाही. कुणी कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

आता मलकापूरच्या बाजूला काम करते. संस्था बारकी, जीप नाही, एसटीनं जाते. बाळं गार का पडतात, हाच प्रश्न. फक्त आता आणखी एक विचारते: दवाखान्याचं माणूस हात लावून गेल्यावर बाळाला आंघोळ घातली का? कुणाच्या हातानंतर घातली? पावणं कुठलं, हे विचारायची वेळ मी कुणावर येऊ देत नाही. दारातच पूर्ण नाव सांगते. मग सांगते, बाळाला मी हात लावणार, आणि नंतर आंघोळ घालायची नाही. काही घरं आत घेतात. काही दार लावून घेतात, ते दारही माझ्या अभ्यासात जातं.

परवा एका घरात आत घेतलं. वजन केलं. बाळ सुनेकडं दिलं. म्हातारी उठली आणि चुलीवर पातेलं ठेवलं. माझ्याकडं बघत म्हणाली, "झालं न्हवं तुझं? ऊठ की आता."

मी सुनेला म्हणाले, "बाळाला छातीला लाव. पदर घे वरनं."

तिनं लावलं.

"ऊठ म्हणतोय न्हवं," म्हातारी म्हणाली. "पाणी तापलं."

"तापू दे," मी म्हणाले. "मी उठणार न्हाई."