दाजींची पहिली पंगत

मंत्र्याची गाडी आवारात शिरली की आम्ही शर्टाची वरची बटणं लावायचो आणि दाजी पाट मांडायचे. पाट मंत्र्यांसाठी नव्हे, त्यांच्या ड्रायव्हरसाठी. रत्नागिरीच्या सरकारी विश्रामगृहात दाजी खानसामा होते, मी कारकून. साहेबांचे हारतुरे आटोपेपर्यंत ड्रायव्हर मागच्या पडवीत जेवून मोकळा व्हायचा. "घाटात गाडी ह्यो चालवनार," दाजी म्हणायचे, "सायब मागं घोरनार. मंग आधी पोट कुनाचं भरायचं?"

खरं तर दाजी रोजंदारीवर होते. कायम करण्याचा कागद मुंबईत अडकलेला आणि घरी दोन मुली लग्नाच्या. तरी पुढारी दिसला की पुढेपुढे करणं या माणसाला कधी जमलं नाही.

निवडणुकीच्या धामधुमीत एक मंत्री भुकेने कावलेले आले. टेबल अजून रिकामं, आणि पडवीत त्यांचा ड्रायव्हर सुरमईचं कालवण भातावर ओतून घेतोय. मंत्र्यांचा पीए खेकसला, ऊठ म्हणाला. ड्रायव्हर अर्धा उठलाही. दाजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं आणि थेट मंत्र्यांना म्हणाले, "सायबानू, मला घरी बसवा. पन भरल्या ताटावरनं मानूस उठवायचा नाय."

दारात कार्यकर्ते बघत होते, ते मंत्र्यांनीही बघितलं. मग चपला काढून ते शेजारच्या पाटावर बसले आणि सोलकढी दोनदा मागून प्यायले.

संध्याकाळच्या सभेत त्यांनी ठोकून दिलं, की आपण नेहमी ड्रायव्हरच्या पंगतीलाच जेवतो! मी चिडलो. दाजी मात्र खूश. "चारचौघांत बोलला ना? आता सुटका नाय त्याची."

खरोखरच नव्हती. पुढे दर दौऱ्यात त्यांना पाटावर बसावं लागलं, आणि त्यांचं बघून इतरांनाही. दाजींचा अडकलेला कागद त्याच ड्रायव्हरने घाटाघाटात साहेबांमागे भुणभुण लावून सोडवला. त्या दिवशी दाजींनी साऱ्या ऑफिसला पेढे वाटले.

दाजी निवृत्त झाले त्या दुपारी आत एक नवे मंत्री जेवणाची वाट बघत होते. पडवीत ड्रायव्हरांनी दाजींना पाटावर बसवलं आणि वाढायला घेतलं. आतून घंटी वाजली. दाजी सवयीने उठू लागले, तसा तो जुना ड्रायव्हर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बसा दाजी. भरल्या ताटावरून माणूस उठवायचा नसतो."

घंटी पुन्हा वाजली. कोणीच गेलं नाही. मीसुद्धा.