मान हलवलेली चालणार नाही

विजेच्या उपकेंद्रात माझं काम काय, असं कुणी विचारलं की मी सांगते, वाट बघायचं. लाईनमन खांबावर चढण्याआधी माझ्याकडून परमिट घेतो आणि मी त्या भागाची लाईन बंद करते. काम झालं, माणसं खाली उतरली, की तो परमिट परत करतो आणि मी लाईन चालू करते. मधला सगळा वेळ त्याचा जीव माझ्या बोटावर असतो, आणि लोकांना वाटतं बाई खुर्चीत बसून चहा पितेय.

हे सगळं मला शिकवलं काकांनी. काका म्हणजे आमचे सर्वांत जुने लाईनमन. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत. तरुणपणी ते खांबावर असताना खालून कुणीतरी ऑपरेटरला परस्पर कळवलं होतं, "झालं, उतरला." उतरला होता तो दुसराच. मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी ती दोन बोटं माझ्या नाकासमोर धरली.

"पाह्य पोरी, केळझरचा गणपती सोता येऊन सोंडेनं खूण करो, तरी लाईन लावजो नको. ज्यानं परमिट घेतलं, त्याचा आवाज आपल्या कानानं आयकला, तरच लावजो."

मी ते मनावर घेतलं. जरा जास्तच घेतलं असेल.

पुढे एकदा काका हेल्मेट न घालता चढलेले मला दिसले. मी त्यांना काही बोलले नाही, सरळ साहेबांना सांगितलं. रिटायर व्हायला वर्षही उरलेलं नसताना काकांना नोटीस मिळाली. आधी त्यांनाच तोंडावर सांगायला हवं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा वाटलं, नियम म्हणजे नियम. काकांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "जिनं माया कागद केला, तिच्या हाती माया जीव नाई देत." त्या दिवसापासून अबोला. परमिट लागलं की ते दुसऱ्या ऑपरेटरची ड्युटी बघून येत. त्या वाक्याने मी बॅटरीच्या खोलीत जाऊन रडले होते. आईबापानंतर मला इतकं कुणी रागावलं नव्हतं, आणि इतकं कुणी शिकवलंही नव्हतं.

अशात एका सकाळी सिंदी मेघेकडच्या लाईनवर कडुनिंबाची फांदी पडली. दुसरा ऑपरेटर रजेवर. काकांना नाइलाजाने माझ्याकडेच यावं लागलं. त्यांनी फॉर्म भरला, टेबलावर आपटला, भिंतीकडे बघत सही केली. मी लाईन बंद केली. एक शब्द नाही.

तासाभराने त्यांच्या जोडीदाराचा फोन आला. "झालं काम. काका म्हनून राह्यले, लाईन लावा."

"काकांना फोन द्या."

"काका मान हालवून राह्यले."

"मान हलवलेली चालणार नाही. बोलायला सांगा."

"ते म्हनते, तिले सांग मी तिच्याशी बोलत नाई."

"मग मी लाईन लावत नाही."

पाच मिनिटांनी एका पोराच्या हाती चिठ्ठी आली, सही केलेली. मी परत पाठवली. ती पुन्हा आली, आता सहीशेजारी अंगठाही होता. मग व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला. तिघे जण खांबाखाली लग्नातल्या फोटोसारखे ओळीने उभे, मधोमध काका, ओठ घट्ट मिटलेले, अंगठा वर. व्हिडिओ कालचाही असू शकतो, असं मी कळवलं. मग साहेबांचा फोन आला.

"मॅडम, त्यांनी मान हलवली ना? लावा मग!"

"सर, आवाज ऐकल्याशिवाय नाही."

"मेमो देईन मी तुम्हाला!"

नवी नोकरी, वर साहेबांचा राग. पण नजरेसमोर ती दोन बोटं होती.

तोवर फाटकाशी लोक जमले. एका बाईचं अर्धं दळण चक्कीत अडकलेलं. आणि एक गृहस्थ थेट सलूनमधून उठून आलेले, गळ्यात पांढरं कापड, मिशीची डावी बाजू साफ, उजवी शाबूत. मशीन मधेच बंद पडलं होतं.

"वस्तऱ्यानं नाही का करायची?" मी विचारलं.

"त्याच्या हातावर माया भरोसा नाई," ते म्हणाले. "काऊन नाई लावून राह्यल्या लाईन?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. भरोशाचं प्रकरण आहे म्हटल्यावर त्यांना ते लगेच पटलं. स्कूटर काढली आणि तसेच अर्ध्या मिशीने काकांना आणायला गेले.

काका आले. दारात उभे राहिले. चेहरा लालबुंद. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं, घसा खाकरला.

"सिंदी मेघेची लाईन. तीन मानसं चढली होती. तिघंबी खाली हाये. तारेले लावलेलं अर्थिंग काढलं. लाव."

मी लाईन चालू केली. अर्ध्या मिशीवाले टाळी वाजवून सलूनकडे पळाले. काका मात्र तिथेच.

"साहेबानं सांगतलं तरी नाई लावली?"

"नाही."

"आन् मी बोललोच नसतो त?"

"तर सिंदी मेघे आज रात्रीही अंधारात असतं, काका."

ते चहा न घेताच गेले. सोमवारी मला मेमो मिळाला, आणि त्याच दिवसापासून काका परमिट घ्यायला फक्त माझ्याच ड्युटीत येऊ लागले. सगळी दुरुस्ती माझ्या पाळीत. लाईट गेली की बोरगावपर्यंतचे लोक म्हणत, ती बाई बसली असेल आज. हेल्मेटही ते आणू लागले, बरेचदा डोक्यावर.

मागच्या वर्षी ते रिटायर झाले. परवा दुपारी ड्युटीवर असताना त्यांचा फोन आला.

"पोरी, घरची ट्यूब बदलून राह्यलो. मेन सुच बंद केला. काकू सुचाजवळ उभी हाये, पन तिचं काही खरं नाई. तू फोनवर राह्यजो, स्पीकर चालू हाये."

मी राहिले. स्टूल करकरलं. काहीतरी खाली पडलं, काकूंना दोन शब्द ऐकावे लागले. मी समोरचं रजिस्टर बाजूला सारलं आणि फोन कानाला घट्ट धरला.

"एक मानूस चढला होता," शेवटी आवाज आला. "खाली उतरला. सांग आता तुह्या काकूले, लाव म्हना."