करारातलं तळं

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो. आपण कामाला जातो, उन्हात उभं राहतो, चहा पितो, घरी येतो आणि वर्षाअखेरी लक्षात येतं, की पगारापेक्षा किस्सेच जास्त जमलेत! मी एरवी वाशीमला ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवते, माहेर अनसिंगचं. पण एक हिवाळाभर मी दुभाषी होते. तेवढ्या हिवाळ्याने मला आयुष्यभर पुरतील इतक्या गोष्टी दिल्या.

झालं असं, की आपला आणि नॉर्वेकडच्या तीन-चार देशांचा व्यापाराचा करार झाला. त्यात पर्यावरणाचंही एक प्रकरण होतं. त्यातून नॉर्वे आणि आपण मिळून एक छोटं तळं राखायचं ठरलं. ते निघालं मेडशीजवळचं! तिकडून इंग्रिड नावाच्या पाणपक्ष्यांच्या अभ्यासक बाई आल्या. उंच, शांत, बोलायच्या आधी थोडं थांबणाऱ्या. त्यांचं इंग्रजी मी वऱ्हाडीत आणायचं आणि गावाचं वऱ्हाडी इंग्रजीत न्यायचं, हे माझं काम.

---

पहिली ग्रामसभा. इंग्रिडबाईंनी समजावलं, की दोन देशांनी माल घ्यावा-द्यावा, पण त्यापायी निसर्गाचं नुकसान होऊ नये, असं ठरलंय.

साहेबराव काका उठले. तळ्याकाठचे माळी. पाणी मागे सरकलं की उघड्या पडलेल्या गाळात वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायचे आणि मालेगावच्या बाजारात न्यायचे. या शेतीला गाळपेर म्हणतात. प्रकल्पाला नेमका त्यांचाच पट्टा पक्ष्यांसाठी रिकामा हवा होता.

"थे आपल्याले काय इकते?" काकांनी विचारलं.

"मासे वगैरे," मी म्हटलं.

"अन् आपन त्याईले?"

"कापड, औषधं..."

"मंग याच्यात माया वांग्याचं काय काम हाय?"

सभा हसली. इंग्रिडबाई माझ्याकडे बघतायत, मी शब्द शोधतेय. तेवढ्यात सरपंच वनमालाताई खुर्चीतूनच म्हणाल्या, "काका, सोयरीक झाली का दोन्ही घरचं आंगन झाडा लागते!"

हे मी इंग्रजीत कसं सांगितलं ते विचारू नका. पण इंग्रिडबाईंना करारातलं ते अख्खं प्रकरण त्या दिवशी नव्याने कळलं म्हणे!

---

डिसेंबरात पट्टकादंब आले. करड्या अंगाचे, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले हंस. पहाटे तळ्यावर धुकं इतकं असायचं, की पाणी कुठे संपलं आणि आभाळ कुठे सुरू झालं ते कळायचं नाही. त्या पांढऱ्यातून नुसते आवाज यायचे. माणूस आपोआप हळू चालायला लागायचा.

अशाच एका सकाळी काकांनी बाईंना विचारलं, "हे तुमच्याकून येते का?"

बाई खरं बोलणाऱ्या. "नाही. हे मंगोलियातून, तिबेटाकडून हिमालय ओलांडून येतात."

काकांनी एकदा धुक्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, करार चुकीच्या देशाशी झाला ना!"

---

मग दोन्हीकडचे साहेब पाहणीला आले. दोन गाड्या, लाउडस्पीकर आणि 'दोन देशांचे पर्यावरण सहकार्य' असं लिहिलेला लांबलचक बॅनर. वारा सुटला, बॅनर फडफडला आणि तळ्यावरचे सगळे हंस उठून पार पलीकडच्या काठाला गेले.

साहेब बघायला आले होते हंस आणि दिसत होता बॅनर!

वनमालाताईंनी लाउडस्पीकर बंद करायला लावला. बॅनर काढला, बांधावरच्या गवतावर अंथरला आणि म्हणाल्या, "बसा याच्यावर. अन् आता कोनी बोलू नका."

बसले हो! दिल्लीचे साहेब आणि ऑस्लोचे साहेब, मांडीला मांडी लावून, सहकार्यावर. हिवाळ्यातलं कोवळं ऊन, पाण्याचं चमकणं, समोर निंबाची सावली. हळूहळू हंस एकेक करून परत आले. मी पाहिलं तर दिल्लीच्या साहेबांची मान खाली आलेली आणि ऑस्लोच्या साहेबांची त्यांच्या खांद्यावर!

ताई माझ्या कानाशी म्हणाल्या, "उठवू नको. पह्यल्यांदा एकमत झालं."

---

साहेबराव काका मात्र पट्टा सोडायचं मानत नव्हते. इंग्रिडबाईंनीही एकदा विचारलं, दोनदा विचारलं, मग विचारणं सोडलं.

पाणी सरकलं. काका गमच्यात मेथीचं बी घेऊन गाळात गेले. तर त्यांच्याच पट्ट्यात हंस बसलेले, माना पंखात खुपसून. काका बांधावर टेकले. म्हणाले, उठले की पेरू. ऊन वर आलं, हंस काही उठले नाहीत. काका बी घेऊन घरी परत.

"पेरनं झालं काय?" शांताकाकूंनी विचारलं.

"नाही. झोपले होते."

"कोन?"

"पाव्हने."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. काकू चिडल्या. "एक ढेकूळ फेका ना! बाजारात काय घेऊन जाऊ मी? टोपलं रिकामं घेऊन बसू?"

काकांनी ढेकूळ उचललं होतं, असं ते स्वतःच मला नंतर म्हणाले. हातात धरून उभे राहिले आणि मग हळूच, आवाज न करता, खाली ठेवलं.

पुढच्या ग्रामसभेत ते उठले. "माहा पट्टा ऱ्हाऊ द्या रिकामा यंदा. पन हे करारापायी नाही, हे सांगून दे तिले!"

"मग कशापायी, काका?"

"उठवाचं जीवावर आलं."

त्या हिवाळ्यात काकूंनी बांधालगतच्या चिंचोळ्या तुकड्यातली मेथी अर्ध्या टोपल्यात भरून बाजार केला. चिडायच्या, पण बाजारातून येताना वाट वाकडी करून बांधावरून यायच्या.

---

इंग्रिडबाई रोज बांधावर एकट्या बसायच्या. एके सकाळी शांताकाकू चहा घेऊन गेल्या आणि तिथेच बसल्या. यांना त्यांची भाषा येत नाही, त्यांना यांची नाही. मी पोचले तेव्हा दोघी पाण्याकडे बघत गप्प होत्या. चहा केव्हाच संपलेला.

"काय बोलल्या एवढ्या?" मी नंतर विचारलं.

"तिच्या मायची तब्येत बरी नाही."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगा काहून लागते? मायची आठवन आली का बाई अशीच बसते."

मी इंग्रिडबाईंना विचारलं. त्या आधी थांबल्या, नेहमीसारख्या. मग म्हणाल्या, की आई अंथरुणाला खिळली आहे आणि त्यांनी हे इथे कोणालाच सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारीत त्या घरी गेल्या.

---

आता शेवटचा किस्सा सांगते.

मार्च उजाडला होता. हंसांचे जायचे दिवस. दिवस बुडायच्या सुमाराला मी आणि काका बांधावर होतो. तळं तांबूस झालेलं, वारा पडलेला. इंग्रिडबाईंचा फोन आला. तिकडे दुपार होती आणि बाहेर बर्फ. आईजवळ बसल्या होत्या. आई आता डोळे उघडत नाही, पण ऐकते, म्हणाल्या. तिला आयुष्यभर पक्ष्यांचं वेड. तळ्याचा आवाज ऐकवता येईल का?

मी फोन स्पीकरवर टाकून काकांना सांगितलं. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, चपला बांधावर काढल्या आणि गाळात उतरले. गुडघाभर चिखलात, हात लांब करून फोन धरला. मी मागोमाग गेले.

आधी एक हंस ओरडला. मग दुसरा. मग अख्खं तळं उठलं! पंखांचा असा आवाज झाला, की माझ्या छातीत घुमला. डोक्यावरून एक फेरा, आणखी एक फेरा, मग ओळ धरून सगळे उत्तरेला. आवाज बारीक होत गेला, होत गेला आणि पुसला गेला. पाण्यावर एकही उरला नाही.

 मग फोनमधून, फार लांबून आल्यासारखा, एका म्हातारीचा आवाज आला. इंग्रिडबाईंनी तो इंग्रजीत सांगितला, मी वऱ्हाडीत.

"आई विचारते, पाण्यावर उतरले का सगळे?"

काका रिकाम्या तळ्याकडे बघत होते. चिखलातला हात अजून तसाच लांब धरलेला.

"उतरले म्हन तिले," ते हळूच म्हणाले. "सारे उतरले."