घराण्याचं पित्त

मंगळवारी दुपारी इस्पितळामागच्या शवागाराबाहेर मी आणि थोरला भाऊ नाना, दोघेच होतो. धाकट्या वसंताचं शवविच्छेदन करून डॉक्टर बाहेर आले. "हृदयावर जुना व्रण आहे. एक झटका आधीच येऊन गेला होता. छातीत दुखलं नव्हतं?"

"छे, पित्त होतं त्याला," नाना म्हणाला.

आमच्या घराण्यात छाती दुखतच नाही. हृदय रक्तावाचून तडफडतं आणि आम्ही ओवा चावत ढेकराची वाट पाहतो. वर या अडाणीपणाला सोशिकपणा म्हणतो.

टपरीवर नानाने छाती चोळत सोडा मागवला. "जागरणाचं पित्त रे."

"चुलीत घाल ते पित्त!" मी ग्लास ओतून दिला, टपरीवाल्याला सोड्याचे वीस रुपये दिले आणि नानाला दंडाला धरून त्याच इस्पितळाच्या पुढच्या दाराने आत नेलं.